सकाळच्या मोजणीत नसलेली माणसं

संगणक विभागातल्या तिला सगळं रुग्णालय वहिनी म्हणायचं, कारण तिची नणंद तिथेच अपघात विभागात परिचारिका होती. माहितीची मांडणी ठरवायचं काम आलं, तेव्हा वहिनीने सोपा मार्ग धरला. रोज सकाळी कोणत्या खाटेवर कोण आहे, याची एकेक ओळ मुख्य टेबलात पडायची. टेबल आटोपशीर, अहवाल चुटकीसरशी. साहेब खूश होते.

एकदा जेवणाच्या सुट्टीत नणंद सहज डोकावली आणि पडद्याकडे बघतच राहिली.

"वहिनी, आमच्याकडे आठवडाभर कुणी फिरकलंच नाही म्हणतेस?"

"टेबल तरी तसंच सांगतंय."

"अगं, कालच दुपारी एक बाई आणली होती. संध्याकाळी गेली बिचारी. मीच तिचे डोळे मिटले."

वहिनीने शोधलं. बाई कुठेच नव्हती. एका मोजणीनंतर आलेली आणि पुढच्या मोजणीआधी गेलेली माणसं टेबलात शिरलीच नव्हती. याच आकड्यांवरून अपघात विभागातल्या निम्म्या परिचारिका हलवायचा हुकूम निघणार होता.

ती तशीच साहेबांकडे गेली. "तो हुकूम थांबवा. माझं टेबल माणसं गिळतंय."

हुकूम थांबला. आता प्रत्येक येण्याला, हलवण्याला आणि जाण्याला वेगळी ओळ मिळाली. टेबल फुगलं, अहवाल रखडू लागले, साहेब कुरकुरले.

"हं, हा आमचा विभाग," नवे आकडे पाहून नणंद म्हणाली.

वहिनी मात्र एकेक ओळ वाचत राहिली. आधीही इतकीच माणसं येऊन गेली होती, आणि तिच्या लेखी ती कधी आलीच नव्हती.