फोटोसाठी पावडर लावलेली काच

मी काच बोलतेय. खिडकीची नव्हे, चष्म्याची नव्हे. जुन्या संगणकांच्या पोट सुटलेल्या पडद्यांपुढे एक काळसर काच लटकवायचे, ती मी. वर अडकवायला दोन आकडे, भोवती काळी प्लास्टिकची चौकट आणि कोपऱ्यातून लोंबणारी बारीक वायर. या क्षणी माझ्या अंगावर धुळीचा थर आहे आणि ती धूळ खोटी आहे. धूळसुद्धा खोटी असू शकते हे कळल्यापासून मला जी शिसारी बसली आहे, ती जाता जात नाही. म्हणून बोलतेय.

माझा जन्म कारखान्यातला. मला कापलं, घासलं, अंगावर काळसर लेप चढवला आणि डब्यात घातलं. डब्यावर लिहिलं होतं, 'डोळ्यांची सखी'. मला ते फार आवडलं होतं. जन्मतःच काम ठरलेलं असलं की जीव निर्धास्त असतो. आपण कुणाच्या तरी डोळ्यांपुढे उभं राहायचं, तिरीप अंगावर घ्यायची आणि पलीकडची अक्षरं स्वच्छ दाखवायची. एवढंच.

मला आणलं ते टेलिफोनची डिरेक्टरी छापणाऱ्या एका कचेरीत. तिथल्या हॉलमध्ये चार संगणक होते. चार मुली हाताने लिहिलेली कार्डं बघून दिवसभर नावं, पत्ते आणि नंबर टाइप करायच्या. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. पण त्यांच्या पाठीमागे भली मोठी खिडकी होती. दुपार झाली की ती अख्खी खिडकी पडद्यात उतरायची आणि अक्षरं कुठल्या कुठे बुडून जायची. मुली माना वाकड्या करून, डोळे बारीक करून काम रेटायच्या.

त्या चौघींत दोघी सख्ख्या बहिणी होत्या. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीचा हात वाऱ्यासारखा. धाकटीचा हात बरा होता, पण तिचे डोळे लवकर हरले. लाल व्हायचे, पाझरायचे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, 'दर तासाला विश्रांती, नाहीतर पडद्याला काच.' विश्रांती मिळणं शक्यच नव्हतं. म्हणून थोरलीने धाकटीच्या नावाने काचेसाठी अर्ज केला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या अर्जावर मी आले.

शिपायाने मला डब्यातून काढून हॉलमध्ये नेलं. धाकटी खुर्चीतून उठून उभी राहिली, एखादा पाहुणा यावा तशी. तिने हातही पुढे केले होते. तेवढ्यात केबिनच्या दारातून साहेबांचा आवाज आला.

"अरे, ती इकडे आण. बाहेरची माणसं माझ्या केबिनमध्ये येतात, हॉलमध्ये नाही."

मी धाकटीच्या हातांवरून पुढे गेले. ती परत खाली बसली आणि पुढचं कार्ड उचललं.

साहेबांच्या टेबलावर संगणक होता तो शोभेला. तो कसा सुरू करायचा हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतं. बंद पडद्यावर काळी काच, म्हणजे आयता आरसा. साहेब माझ्यात बघून भांग पाडायचे. जेवण झालं की जबडा वासून माझ्यासमोर यायचे आणि कागदाची सुरळी करून दात कोरायचे. शिंक आली तर रुमाल खिशात आणि शिंतोडे माझ्यावर. डोळ्यांची सखी म्हणून जन्मले आणि दाढांची दाई झाले. केबिनच्या दाराला वर अर्धी काच होती. तिच्यातून मला हॉल दिसायचा. धाकटी नळावर जाऊन डोळ्यांवर पाणी मारायची, ते मी रोज बघायचे.

त्या वर्षीच्या डिरेक्टरीत एका बाळंतिणींच्या दवाखान्याचा नंबर चुकला. तिनाच्या जागी आठ पडला. हिरव्या अक्षरांत, खिडकीच्या झगझगाटात, तीन आणि आठ जुळ्या भावांसारखे दिसतात. तो आठाचा नंबर निघाला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरचा. पुस्तक गावभर वाटून झालं होतं. वेळी-अवेळी त्या घरात फोन वाजू लागला. कुणाची बायको कळा देतेय, कुणाची पाणमोट फुटली आहे, आणि फोनवर येतात हे आजोबा. शेवटी एक दिवस ते आजोबा स्वतः कचेरीत आले. रागावले नाहीत. म्हणाले, "माझी बायको अंथरुणाला खिळली आहे. तिला जरा झोप लागू द्या."

साहेबांनी धाकटीला आत बोलावलं.

"डोळे आहेत की बटणं?"

"साहेब, दुपारी पडद्यावर काही दिसत नाही. ती काच जर..."

"कुठली काच?"

मी त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होते. त्यांना खरंच कळलं नाही, की कळून विचारलं, ते आजही सांगता यायचं नाही. दोन्ही सारखंच ओंगळ. धाकटीने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "काही नाही." महिनाअखेरीस तिची नोकरी गेली.

त्यानंतर आठ महिन्यांनी साहेबांना मोठा पडदा मिळाला. माझे आकडे त्याला पुरेनात, तेव्हा मला हॉलमध्ये धाडलं. बैल गेला आणि झोपा केला! थोरलीने मला तिच्या पडद्याला अडकवलं, स्वच्छ पुसलं आणि हळूच म्हणाली, "उशिरा आलीस."

पुढे अकरा वर्षं मी तिच्या डोळ्यांपुढे राहिले. ती कधी माझ्याशी गोड बोलली नाही, पण रोज सकाळी आधी मला पुसायची आणि मगच कार्डांना हात लावायची. ती टाइप करताना कधी हसायची नाही. ओठ मुडपलेले, भुवया आवळलेल्या, डोळे कार्डावरून पडद्यावर आणि पडद्यावरून कार्डावर. मी पाहिलेला तो सगळ्यांत देखणा चेहरा. मग सपाट पडदे आले आणि मी माळ्यावर गेले. तिथे माझ्यावर खरी धूळ बसली. थर चढत गेला, पण ती माझी होती. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आता फोटोचं सांगते.

कचेरीला चाळीस वर्षं झाली. साहेबांचा मुलगा आता मालक आहे. दर्शनी भिंतीवर जुन्या दिवसांचा एक भला थोरला फोटो लावायचं त्याने ठरवलं. पण जुना फोटो एकही नव्हता, कारण काम करणाऱ्या मुलींचा फोटो काढावा असं तेव्हा कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तर मग आता काढू, असं ठरलं. ते सगळं जमवायचं काम आलं कचेरीच्या जाहिराती बघणाऱ्या एका मुलीकडे. ती धाकटीची लेक.

लेकीला काहीच माहीत नव्हतं. आईने लग्नासाठी नोकरी सोडली, एवढंच तिला घरात सांगितलेलं. तिने मोठ्या कौतुकाने आई आणि मावशी दोघींना बोलावून घेतलं. कुठे काय असायचं ते मावशी दाखवेल आणि आई बघून खूश होईल, असा साधा हिशेब. धाकटी यायला तयार नव्हती म्हणे. लेकीचा विरस नको म्हणून आली. जाड भिंगांचा चष्मा लावून एका स्टुलावर बसून राहिली.

फोटोवाल्याने मला माळ्यावरून उतरवलं, लख्ख पुसलं आणि म्हणाला, "छे, ही फारच नवी दिसते." मग त्याने एका डबीतली राखाडी पावडर माझ्यावर ब्रशने उडवली. माझी पंचवीस वर्षांची धूळ कचऱ्यात आणि अंगावर ही डबीतली! कीबोर्ड पिवळा दिसावा म्हणून त्याच्यावर चहाचं पाणी शिंपडलं. एरवी हॉलमध्ये पाण्याचा पेला आणला तरी शिपाई अंगावर धावायचा. इथे कीबोर्डला खेटून वाफाळता कप ठेवला आणि शेजारी प्लास्टिकचं रोपटं. फ्लॉप्या पत्त्यांसारख्या पसरल्या. पडदा मेलेलाच होता, म्हणून माझ्या मागे हिरव्या अक्षरांचा छापील कागद चिकटवला. त्या कागदावर एक नाव नाही, एक नंबर नाही, नुसती आडवीतिडवी अक्षरं. तो चिकटा अजून माझ्या पाठीला आहे.

खुर्चीवर एक भाड्याने आणलेली तरुण मुलगी बसवली. फोटोवाला ओरडला, "मान मागे टाकून हसा! कामाची मजा दिसू दे!"

थोरलीला राहवलं नाही. "अहो, आम्ही हसत नव्हतो. हसलं की ओळ चुकायची."

"मावशी, फोटोत कोण ओळ वाचणार आहे?"

"आणि चहा तर..."

"चहाने जरा घरगुती वाटतं."

एवढ्यात साहेब आले. ऐंशीच्या घरातले, काठी टेकत. त्यांना मुलीच्या पाठीशी उभं केलं. एक हात खुर्चीवर, दुसऱ्या हाताचं बोट माझ्या दिशेने, जणू तिला शिकवताहेत. ज्यांना बटण कुठलं दाबायचं तेही ठाऊक नव्हतं, ते शिकवताहेत!

लेक वही घेऊन पुढे झाली. "साहेब, फोटोखाली दोन ओळी लिहायच्या आहेत. या काचेबद्दल काही आठवतं?"

"न आठवायला काय झालं? मुलींच्या डोळ्यांना त्रास व्हायचा. मी म्हटलं, काच मागवा. पहिल्या दिवसापासून आपण माणसाची काळजी घेतली, बरं का."

लेकीचा चेहरा उजळला. लिहिता लिहिता तिने विचारलं, "हो ना, मावशी?"

थोरलीने लेकीकडे बघितलं. लेकीला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. थोरलीने ओठ मुडपले आणि म्हणाली, "असेल."

अकरा वर्षं मी त्या चेहऱ्याला जीव लावला होता. त्या एका शब्दाने मला त्याचीही किळस आली. खोटं काय सांगू?

तेव्हा स्टुलावरून धाकटी उठली. सावकाश चालत माझ्यापाशी आली आणि तिने मला हात लावला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मावशी, हात नको, पावडर निघेल," फोटोवाला म्हणाला.

तिने हात काढला नाही. "ही माझ्यासाठी आणली होती, साहेब. माझ्या अर्जावर. तुमच्या केबिनमध्ये गेली, ती मी इथून जाईपर्यंत बाहेर आली नाही."

साहेबांनी डोळे किलकिले केले. "आपण कोण?"

"दवाखान्याचा नंबर चुकवला होता, ती."

साहेबांना आठवलं की नाही, देव जाणे. त्यांनी घड्याळ बघितलं. "चला, आटपा. मला फार वेळ उभं राहवत नाही."

आणि फोटो निघाला. मुलगी मान टाकून हसली, साहेबांनी बोट रोखलं. माझ्यावर धाकटीच्या चार बोटांचे ठसे उमटले होते, ते फोटोवाल्याने ब्रश फिरवून बुजवले.

सामान आवरेपर्यंत त्या तिघी माझ्याजवळच होत्या. लेक म्हणाली, "आई, तू मला हे कधीच कसं सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? काच नव्हती हे खरं. पण बोट माझंच होतं ना गं. कुणाच्या तरी बायकोला कळा येत होत्या आणि तो भलत्याच घरी फोन फिरवत बसला असेल. साहेब मला विसरले. मला तो नंबर अजून पाठ आहे."

थोरलीने तिचा दंड धरला. "मी 'असेल' म्हटलं गं. जीभ झडली नाही माझी."

"पोरीसाठी म्हटलंस. मला कळलं, ताई."

लेकीने वहीतलं ते पान टरकावून चुरगाळलं.

नंतरचं मला फोटोवाल्याच्या बोलण्यातून कळलं. लेकीने फोटोखाली लिहून दिलं होतं, 'ही काच इथल्या एका मुलीच्या अर्जावर आणली होती. तिला ती मिळाली नाही.' मालकाने ते खोडलं आणि साहेबांचं वाक्य लिहायला सांगितलं. लेक म्हणाली, "ते मी लिहिणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या." धाकटीचं बोलणं एव्हाना कचेरीभर झालं होतं, दुसरं कुणी लिहायला तयार झालं नाही. आता फोटो भिंतीवर आहे, खाली एक अक्षर नाही. लेकीला तिथून हलवून मागच्या एका खोलीत बसवलं आहे. "अशी हट्टी पोर मी पाहिली नाही," असं फोटोवाला कुणाला तरी सांगत होता, आणि सांगताना त्याचा आवाज जरा खालीच होता.

आणि मी? मला फोटोवाल्याने मागून घेतलं. आता मी त्याच्या फळीवर असते, खोट्या टेलिफोनच्या आणि न चालणाऱ्या घड्याळाच्या शेजारी. 'जुन्या काळचं सामान' म्हणून मला भाड्याने नेतात. जिथे मी कधी पाऊल टाकलं नाही अशा तीन कचेऱ्यांच्या भूतकाळात मी हजर आहे. प्रत्येक ठिकाणी कप, प्रत्येक ठिकाणी मान टाकून हसणारी मुलगी.

तुम्ही असा फोटो कुठे पाहिलात तर माझी एक विनंती आहे. 'काय दिवस होते ते!' असं म्हणण्याआधी तुमच्या घरातली एखादी मावशी, आत्या, आई त्या काळी अशा पडद्यासमोर बसली होती का, ते आठवा. बसली असेल तर तिला जवळ बसवून विचारा. आणि तिने सांगायला सुरुवात केली की घड्याळ बघू नका.

फोटोवाला आला वाटतं. हातात ती डबी आहे. माणसांना बरं असतं, नको ते समोर आलं की डोळे मिटून घेता येतात. मला पापण्या नाहीत.