बुजवायची खिडकी

भिकुबाईने चिखलात पहिली वीट बसवली, तळहाताने दाबली आणि दुसरी घ्यायला वाकली. मान वर करते तो काय, पहिली वीट पलीकडून हळूहळू ढकलली जात होती. ती काठाशी आली, जरा डगमगली आणि धपकन तिच्या पायाजवळ पडली.

"राजकुंवर," भिकुबाई दबक्या आवाजात म्हणाली, "पुरं कर, पोरी."

पलीकडे, घरमालकांच्या चौकात, त्यांची सून उभी होती. बांगड्या तेवढ्या वाजल्या.

हातभर रुंद अशी ही खिडकी भिकुबाईच्या नवऱ्याने, रुपचंदनेच फोडलेली. फैजपूरला काँग्रेस भरली त्या वर्षी दोघे धुळ्यात गल्ली नंबर चारमधल्या चंपालालशेठच्या या दोन खोल्यांत राहायला आले. पुढच्या पावसाळ्यात कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्यांच्या धुराने भिकुबाईचे डोळे असे सुजले, की भाकरी तव्यावर आहे की चुलीत हे तिला हाताने चाचपून बघावे लागे. शेठजींनी खिडकी फोडायला परवानगी दिली, पण अट घातली. घर सोडताना भिंत होती तशी करून द्यायची. रुपचंदने मान डोलावली. घर सोडणे तेव्हा कुठे दूर पडले होते, मान डोलवायला काय जाते!

आता ते दूरचे जवळ आले होते. रुपचंदला जळगावच्या एका तेलगिरणीत फिटरची जागा मिळाली होती आणि उद्या सकाळी चाळीसगावची गाडी गाठायची होती. इकडे शेठजींनी खोल्या कोर्टातल्या एका कारकुनाला देऊ केल्या होत्या. कारकून एकटा, बिनलग्नाचा. त्याच्या चुलीसमोरून आपला चौक दिसावा हे शेठजींना कसे चालणार? परवा ओट्यावरूनच त्यांनी आठवण दिली होती, "भिकुबाई, भिंतीचं विसरू नका." त्यांचे काही चुकले असे भिकुबाईलाही म्हणता येईना.

चुकत होते ते वेगळेच. शेठाणी वारून दहा वर्षे झाली होती. मुलगा रतिलाल कापसाच्या खरेदीसाठी वर्षातले आठ महिने शिरपूर, पारोळा, नंदुरबार करीत फिरे. घरात उरत ती दोनच माणसे, सासरा आणि सून. आणि मारवाड्याची सून सासऱ्यापुढे घुंगट वर करत नाही, तोंडातून शब्द काढत नाही. शेठजी चौकात यायचे झाले की खोकत, राजकुंवर आत सरके. शेठजी पाटावर बसले की ताट पुढे येई. पण जगातली सगळी कामे खोकून आणि ताट सरकवून होत नाहीत. जिथे शब्दच लागे तिथे राजकुंवर या खिडकीशी येऊन कुजबुजे, मग भिकुबाई हातातले काम टाकून ओट्यावर जाई आणि सांगे, "शेठजी, सून विचारस, पाव्हना जेवाले थांबतीन का?" शेठजी उत्तर देत. ती पुन्हा आत येऊन ते खिडकीतून पोचते करी. नऊ वर्षे हे चालले होते, आणि शेठजींच्या इतके अंगवळणी पडले होते, की हे शब्द कोणत्या वाटेने येतात याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता. आपल्याच घराची जीभ ते विटांनी बुजवायला सांगत होते.

भिकुबाईने तीच वीट पुन्हा उचलली, चिखल खरवडला, नव्याने थापला आणि बसवली. वीट पुन्हा खाली आली. तिसऱ्यांदा तिचा कोपरा फुटला.

"आसं कितीदाव करशी?"

"तुमी थकशात तवलोंग," पलीकडून आवाज आला. तो रडवेला होता, पण त्यात माघार नव्हती.

भिकुबाई मटकन खाली बसली. तिला गेला भादवा आठवला. राजकुंवर तापाने फणफणली होती, आणि घुंगटाआड ते कुणाला दिसणार? खिडकीत नुसता हात आला होता. त्या हाताचा चटका भिकुबाईला बसला, म्हणून ती ओट्यावर धावली, म्हणून वैद्य आला. मधे ती नसती तर? या पोरीला अशी मुकी टाकून आपण जळगावला निघालो, हे तिला सहन होईना. पण नवऱ्याने दिलेला शब्द मोडणेही तिला सहन होणारे नव्हते.

ती उठली. पदराला हात पुसले.

"आठेच उभी ऱ्हाय. मी शेठजीसले बोलावस."

"नको अक्का! माले लाज वाटस."

"लाज नंतर. शेठजी खोकलात तरी सरकू नको."

चंपालालशेठ आले. पागोटे सावरत दारातून वाकून आत शिरले आणि भिंतीकडे पाहतच राहिले.

"दुपार झाली, आणि अजून एकही वीट नाही?"

"माले काही जमत नही, शेठजी. तुमीच लावा." भिकुबाईने वीट त्यांच्या हातात दिली.

"मी?"

"भिंत तुमनी शे."

शेठजींनी जन्मभर कापूस हाताळला होता, चिखलाला बोट लावले नव्हते. पण भाडेकरणीपुढे माघार कशी घ्यायची? ते खिडकीजवळ गेले आणि सवयीने खोकले. बांगड्या वाजल्या नाहीत. कुणी सरकले नाही. त्यांनी वीट चिखलावर टेकवली आणि पुढे दाबली, तर ती पुढे जाईना. विटेच्या पलीकडच्या कडेवर चार बोटे होती, आणि ती घट्ट होती.

शेठजींनी चटका बसावा तशी वीट मागे ओढून घेतली.

"अक्का," पलीकडून आवाज आला, बारीक पण स्वच्छ, "बाबुजीसले सांगा, खिडकी बुजू नका."

शेठजींनी भिकुबाईकडे पाहिले. "कोण बोललं हे?"

"दुसरं कोन शे तुमना घरमा?"

"पण ही तर खानदेशी बोलते!"

"मन्हासंगेच बोलस ती. मंग दुसरी कोनती बोली शिकी?"

शेठजींच्या चेहऱ्यावर काही वेगळेच उमटले. मारवाडातल्या पालीहून आणलेली मुलगी, नऊ वर्षे एका छपराखाली, आणि तिचा आवाज कसा आहे हे त्यांना आज कळत होते. मग त्यांनी स्वतःला सावरले.

"तिला सांगा, कारकुनाला मी शब्द दिलाय."

"शेजारीन सुंदरबाईना भाऊ बायकोपोरंसंगे खोली शोधस, त्याले देता ई," भिकुबाई म्हणाली. "आनि तिले जे सांगानं ते तुमीच सांगा. ती आठेच शे."

बाहेर रुपचंद गाठोड्याला दोरी आवळत होता, ती करकरत होती.

"अक्का, बाबुजीसले सांगा," राजकुंवर पुन्हा बोलली. या वेळी आवाज थरथरला, पण थांबला नाही. "भादवामा माले ताप उना. तुमी सांगं म्हनीसन वैद्य उना. आते कोन सांगी?"

भिकुबाईने नऊ वर्षांच्या सवयीने शेठजींकडे तोंड वळवले. 'शेठजी, सून म्हनस' हे शब्द तिच्या ओठांवर आलेसुद्धा. तिने ते गिळले आणि ओठ मिटून घेतले.

शेठजी वाट पाहत उभे होते. शब्द हातभर अंतरावरून त्यांच्या कानावर पडले होते, तरी भिकुबाई ते पुन्हा सांगेल म्हणून ते तिच्याकडेच बघत होते. ती त्यांच्याकडे बघत होती. तिला त्या म्हाताऱ्याची कीव आली, पण ती हलली नाही. चुलीवरचे आधण खदखदत होते, तेही तिने उतरवले नाही.

मग चंपालालशेठ सावकाश खिडकीकडे वळले. डोळे त्यांनी खालीच ठेवले होते.

"ऐकलं, बिनणी," ते सुनेला म्हणाले. आपलाच आवाज अनोळखी वाटावा तसे थोडे थांबले. चिखलाने माखलेली वीट अजून त्यांच्या दोन्ही हातांत होती. "ही कुठं ठेवू?"

भिकुबाईने चिखलाची पाटी उचलली आणि उत्तर ऐकायला न थांबता ती ओतून द्यायला बाहेर गेली.