एक सोडून सगळे आपापल्या विषयात

भाचीने रसायनशास्त्रात पदवी घेतली, वर पदक मिळवलं आणि मावशीच्या लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे उभी राहिली. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. गाव एवढंसं, त्यात कॉलेज एक आणि कॉलेजात विषय मात्र अकरा. गणितवाला पँटी शिवत होता, मानसशास्त्रवाला केस कापत होता, इतिहासवाल्याने भंगाराचं दुकान टाकलं होतं. शिकायचं एक आणि पोटासाठी करायचं भलतंच, हे गावाच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की एखाद्याला चुकून आपल्याच विषयात नोकरी लागली असती, तर त्याचा वशिला कुठला याचीच चौकशी झाली असती.

भाचीला मात्र नेमकी तशीच एक नोकरी हवी होती. पाण्याच्या टाकीखाली नगरपालिकेने पाणी तपासायला एक खोली बांधली होती. तीन वर्षं ती बंदच होती. येता-जाता भाची खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघायची. काचेच्या नळ्या अजून कागदात गुंडाळलेल्या, तराजू खोक्यात. एखादीने दागिन्यांच्या दुकानासमोर रेंगाळावं तशी ती तिथे रेंगाळायची. या वर्षी पाणी-तपासनीसाची जागा भरायचं ठरलं, तेव्हा पहिला अर्ज तिचाच पडला.

त्याच आठवड्यात मामा लॉन्ड्रीत आले. मामा म्हणजे कॉलेजातले कारकून, तिचे सख्खे कुणी नव्हेत, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणत असे. काखेत फायलींचा गठ्ठा आणि चेहरा घाबराघुबरा.

"वरून कागद आलाय," ते म्हणाले. "शिकून गेलेल्यांपैकी किती जण आपल्या विषयात काम करतायत, ते कळवा म्हणे. निम्म्याच्या आत निघाले तर तो विभागच बंद."

"निघाले किती?"

"खरं सांगू? एकही नाही." मामांनी फाइल उघडली. "म्हणून म्हटलं, जरा समजून घेऊन लिहावं. शिंपी काय करतो? मापं घेतो, तिरकं कापड कापतो. म्हणजे भूमितीच की. न्हावी दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकतो, त्याला मी समुपदेशक केलाय. भंगारवाला जुन्या वस्तूंचं जतन करतो. आता तुझं सांग. डाग कशाने काढतेस?"

"शाईचा असला तर स्पिरिटने. गंजाचा असला तर लिंबाच्या सत्त्वाने."

"हे भंगारवाल्याला जमेल?"

"त्याला कसं जमणार?"

"मग झालं तर!" मामांनी ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'वस्त्ररसायनतज्ज्ञ'. "कर सही."

"अहो मामा, हे खोटं आहे."

"खोटं कुठलं? थोडं ताणलंय. आणि सही केली नाहीस तर तुझ्या सरांचा विभाग जाईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत बिचाऱ्यांची."

सरांचं नाव निघालं आणि तिचा नाइलाज झाला. परीक्षेच्या आधी महिनाभर सरांनी तिला आपल्या घरी बसवून शिकवलं होतं, तेही फुकट. तिने सही केली.

गावात सही न करणारा एकच निघाला. बेकरीत भट्टीपुढे उभा राहणारा एक चाळिशीचा माणूस होता. तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झालेला, म्हणून सगळे त्याला तत्त्वज्ञच म्हणत, तेही थट्टेने. मामांनी त्याच्यासमोर हात जोडले. "लिही ना बाबा, पीठ फुगताना बघून तू जगण्याचा विचार करतोस म्हणून."

"पीठ यीस्टने फुगतं, मामा," तो म्हणाला आणि रकान्यात लिहून मोकळा झाला, 'काहीही संबंध नाही.'

अहवाल वर गेला आणि वरचे लोक थक्क झाले. एक सोडून सगळं गाव आपापल्या विषयात! कॉलेजचं कौतुक झालं, समारंभ झाला, जाड कागदावर एक चकचकीत पुस्तिका निघाली. अध्यक्षसाहेब कॉलेजचेही अध्यक्ष आणि नगरपालिकेचेही. त्यांनी पुस्तिकेतला शब्द न् शब्द खरा असल्याचं पहिल्या पानावर सहीनिशी लिहून दिलं. ते स्वतः गायन शिकले होते. पुस्तिकेत त्यांच्यापुढे 'जनतेसमोर सादरीकरण' असं होतं, आणि त्यात मात्र काही ताणलेलं नव्हतं.

मग आली मुलाखत. भाची धुतलेली साडी नेसून, प्रमाणपत्रं घेऊन अध्यक्षांसमोर बसली. पाण्यातलं काय काय कसं तपासतात, ते तिने न अडखळता सांगितलं. साहेब मान डोलावत होते, आणि तिला वाटलं, झालं काम.

"हुशार आहेस पोरी," साहेब म्हणाले. "पण तुला ही जागा देता येत नाही. नियम काय सांगतो? ज्या पदवीधराला स्वतःच्या विषयात काम नाही, त्याला आधी घ्यायचं. तू तर वस्त्ररसायनतज्ज्ञ."

"साहेब, मी इस्त्री करते!"

"असं कसं? तुझी सही आहे."

इथेच घोडं पेंड खात होतं. साहेबांनी यादी वरून खाली आणि खालून वर तपासली. साऱ्या गावात स्वतःच्या विषयात काम नसलेला पदवीधर एकच सापडत होता. जाहिरातीत विषयाची अट घालायची कुणाला सुचली नव्हती. त्याने अर्ज केला नव्हता, तर शिपाई पाठवून करवून घेतला. अशा रीतीने तत्त्वज्ञ पाणी-तपासनीस झाला. भाची लॉन्ड्रीत परतली आणि कपाटामागे जाऊन रडली. मावशीला ऐकू गेलं. दोन शर्ट तिने स्वतःच इस्त्री करून टाकले.

आठवड्याभराने तत्त्वज्ञ टाकीच्या पाण्याची एक बाटली घेऊन काउंटरपाशी उभा राहिला. भाचीने बघून न बघितल्यासारखं केलं.

"रागावलीस ना? रागाव, तुझं चुकत नाही," तो म्हणाला. "पण रोज अहवाल मागतात. मी पाणी पिऊन बघतो आणि 'ठीक' असं लिहितो. आता माझं पोट बिघडलंय, तरी हात 'ठीक'च लिहितोय. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी लाज वाटली."

तत्त्वज्ञाने खिशातून आणखी एक छोटी बाटली काढली. तळाशी पाणी तपासायचं तपकिरी औषध असलेली, खोलीतल्या कपाटात सापडलेली. ती बघताच भाचीचा हात आपोआप पुढे झाला. मुदत अजून संपलेली नव्हती. तिने त्यात खुणेपर्यंत टाकीचं पाणी भरलं आणि बाटली इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या फळीवर ठेवली, तिथे दिवसभर ऊब असते म्हणून. दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी काळंभोर झालं होतं.

"म्हणजे?" तत्त्वज्ञाने विचारलं.

"म्हणजे टाकीच्या पाण्यात घाण शिरतेय. पिण्याच्या लायकीचं नाही."

दोघे बाटली आणि अहवाल घेऊन तडक अध्यक्षांकडे गेले. साहेबांनी अहवाल वाचला आणि त्यांचं डोकं फिरलं. नळ बंद करायचे म्हणजे लोक दारात येणार. "तपासलं कुणी हे?"

"हिने," तत्त्वज्ञ म्हणाला. "मला काय कळतंय त्यातलं? मी तत्त्वज्ञान शिकलोय."

"तुम्हाला कळत नाही, आणि ही कोण, तर लॉन्ड्रीवाली! असल्या अहवालावर मी गावाचं पाणी तोडू? जा पोरी, कपडे धू जा."

भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस गिळलेलं सगळं वर आलं. टेबलावर पाहुण्यांसाठी पुस्तिकांची चवड होती. तिने वरची उचलली, आपलं पान काढलं आणि साहेबांपुढे ठेवलं.

"मुलाखतीच्या दिवशी मी रसायनतज्ज्ञ आणि आज लॉन्ड्रीवाली? एक काय ते ठरवा, साहेब. लॉन्ड्रीवाली असेन तर तुमची सही खोटी आहे, तसं मी वर कळवते. रसायनतज्ज्ञ असेन तर हे पाणी घाण आहे. इथे सही करा."

साहेबांनी पुस्तिकेकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं, मग पंख्याकडेही बघितलं. सादरीकरणात मुरलेल्या माणसाला पहिल्यांदाच सूर सापडेना. शेवटी त्यांनी पेन काढलं.

त्याच संध्याकाळी नळ बंद झाले. टाकी उपसायची, फुटलेली पाइपलाइन शोधायची, महिना तरी जाणार होता. पिण्यापुरतं पाणी टँकरने येऊ लागलं, पण कपडे धुवायला कोण देतो? तिसऱ्या दिवशी मावशीने लॉन्ड्री बंद केली. गिऱ्हाइकांचे न धुतलेले कपडे परत करताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं. भाचीला अपराधी वाटलं. खरं बोलल्याची पहिली झळ आपल्याच घराला बसली, हे तिला फार लागलं.

पायरीवर तत्त्वज्ञ येऊन बसला होता. त्याच्या हातात घडी घातलेला कागद होता.

"माझा राजीनामा," तो म्हणाला. "आता तू उद्या अर्ज कर. नियमाने जागा तुझीच. सध्या तू कुठेच कामाला नाहीस."

"आणि तुम्ही?"

"बेकरी चालू झाली की भट्टीपुढे. माझ्या विषयाची नोकरी जगात कुठेच नाही, म्हणून मला कुठेही चालतं." तो हसला. भाचीला हसू येईना. तिला आनंद झाला होता, आणि तो मावशीसमोर कसा दाखवावा हे तिला कळत नव्हतं.

मावशीने शटर खाली ओढलं, पदराने हात पुसले आणि भाचीकडे वळली.

"उद्या कशाला? आत्ताच जा," ती म्हणाली. "आणि तिथे बसलीस की नीट तपास. माझं दुकान बुडतंय म्हणून एक दिवसही लवकर 'ठीक' लिहायचं नाही."