तोफेचा पल्ला

कॉलेजात मला 'तोफ' म्हणायचे. हे टोपणनाव माझं मीच ठेवलं होतं आणि ते लोकांच्या तोंडी बसवायला मला वर्षभर खपावं लागलं होतं. गोळाफेकीच्या संघात मी होतो हे खरं. पण संघात जेवढ्या जागा होत्या तेवढेच अर्ज आले होते, हे मी कुणाला सांगत नसे.

त्या वर्षी आमच्या कॉलेजला मैदानी खेळांची ढाल मिळाली. तिच्यात माझा वाटा एवढाच, की ती उचलून बसमध्ये मी ठेवली. तरी भालाफेकवाल्या लंबूने रविवारी दुपारी मामाच्या रिकाम्या बंगल्यावर पार्टी ठेवली, तेव्हा मी छाती पुढे काढून गेलो. सोबत पिशवीत माझा गोळा. त्यावर पांढऱ्या रंगात 'तोफ' असं लिहिलेलं. गोळा मुलींच्या स्पर्धेतल्या वजनाचा होता. पुरुषांचा घेतला की पिशवीचे बंद तुटायचे, आणि खांदाही दुखायचा.

पार्टीत तासभर मी माझ्या फेकींच्या गोष्टी सांगितल्या. मग दोन बाटल्या बिअरमध्ये सोफ्यावर आडवा झालो. जाग आली ती हवालदाराने गदागदा हलवल्यावर. मी घोरत असताना माझा गोळा मागच्या आवारातून निघून, भिंतीवरून, गल्ली ओलांडून समोरच्या काचेच्या रोपघरात जाऊन पडला होता. ते घर दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांचं. ते आत कुंड्यांची माती बदलत बसले होते. हातभर अलीकडे पडला असता, तर डोक्यातच.

हवालदाराने मुलींना दटावून घरी पाठवलं आणि आम्हा मुलांना गाडीत भरलं. चौकीत सगळ्यांनी एकच सांगितलं: गाणी मोठ्याने लागली होती, आम्ही नाचत होतो, काही पाहिलं नाही. गोळ्यावर नाव माझं. फौजदार साहेबांनी तो हातात तोलला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"इतक्या लांब तू फेकलास?"

त्यांच्या आवाजात संशय नव्हता, कौतुक होतं. माझ्याशी तोवर कुणी त्या सुरात बोललं नव्हतं. मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि हसलो. नुसता हसलो. त्या हसण्याची साहेबांनी नोंद घेतली. बाकीच्यांना समज देऊन सोडलं आणि माझ्यावर गुन्हा दाखल झाला: निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला आणि मालमत्तेची नासधूस केली.

वडिलांनी आत्याला बोलावलं. आत्या वकील, पण घटस्फोटांची. तिने जामीन मिळवला, मला समोर बसवलं आणि नवऱ्याला विचारावं तसं विचारलं, फेकलास की नाही? मी म्हटलं, झोपलो होतो. मग पोलिसांना तसं का नाही सांगितलंस? मी म्हटलं, त्यांना माझं कौतुक वाटत होतं.

"म्हणजे आता मला कोर्टात सिद्ध करायचं, की माझा भाचा अगदीच सुमार आहे," आत्या म्हणाली.

आणि तिने ते फार मन लावून केलं. पहिल्याच तारखेला आमच्या खेळाच्या सरांना साक्षीला उभं केलं. सर सज्जन माणूस. शपथ घेतल्यावर त्यांना खोटं बोलता येईना. मुलगा वेळेवर येतो, मैदान छान झाडतो, पण त्याचा गोळा तिथवर जाणार नाही, वारा मागून असला तरी नाही, असं ते म्हणाले. न्यायाधीशबाईंनी रुमाल तोंडाला लावला. डॉक्टर मात्र अडून बसले. हे सगळे एकमेकांना सामील आहेत, म्हणाले. शेवटी बाईंनी पोलिसांना सांगितलं, मैदानावर तेवढंच अंतर मोजा आणि याला फेकायला लावा.

मला काय करायचं ते आत्याने बजावलं होतं: नेहमीसारखा फेक. एवढंच. पण मैदानावर सगळं कॉलेज लोटलेलं, साहेब टेप धरून उभे, डॉक्टर घरून खुर्ची घेऊन आलेले. माझ्यात काय संचारलं कोण जाणे. सुटका गेली खड्ड्यात, एकदा तरी तिथवर पोचवायचाच, असं मनात आलं. मी गिरकी घेतली, जन्मात ओरडलो नव्हतो असा ओरडलो आणि जीव खाऊन गोळा सोडला. तो खुणेच्या निम्म्यावर, कुणीतरी ठेवल्यासारखा पडला.

हशा पिकला. आत्या समाधानाने कागद आवरू लागली. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी यायच्या बेतात.

तेवढ्यात गर्दीतून आमच्या मुलींच्या संघातली मुलगी पुढे आली. अंगाने बारीक, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. नुकतीच राज्याच्या संघात तिची निवड झाली होती. तिने गोळा उचलला, हाताची माती पुसली, कसलाही आवाज न करता फेकला. तो खुणेच्या पुढे जाऊन पडला.

"त्या दिवशी मीच फेकला होता," ती साहेबांना म्हणाली. "गल्लीच्या अलीकडेच पडेल असं वाटलं होतं."

कुणी हसलं नाही. साहेबांनी हवालदाराकडे पाहिलं. मुलींना घरी पाठवणारा हवालदार टेप गुंडाळत बसला.

गुन्ह्यातून माझं नाव निघालं, तिचं चढलं. आत्याने तिची केसही घेतली. चिमणी डॉक्टरांच्या घरी गेली, माफी मागितली, सुट्टीच्या दिवशी येऊन रोपघर उभं करायला मदत करीन म्हणाली. डॉक्टर आधी गुरगुरले. मग तक्रार मागे घ्यायला तयार झाले आणि कोर्टाने समज देऊन सोडलं. पण तोवर राज्याचा संघ तिच्याशिवाय निघून गेला होता.

काचा बसवायच्या कामाला मीही जाऊ लागलो. मला कुणी बोलावलं नव्हतं. एका दुपारी चौकट धरून उभा असताना मी तिला विचारलं, मी तर सुटलोच होतो, मग तू पुढे का आलीस?

तिने पुट्टीने माखलेला हात चिंधीला पुसला.

"तू गुन्हेगार ठरशील म्हणून आधीपासून झोप येत नव्हती," ती म्हणाली. "धीर होत नव्हता. पण तू फेकलास आणि सगळे हसले ना, ते मला बघवलं नाही."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या फेकीचा कुणावर तरी परिणाम झाला होता. चौकट सरळ धर, असं ती म्हणाली, आणि मी ती सरळ धरली.