फाटकावरचा शनी

नोव्हेंबर संपत आला होता. घनसावंगीतल्या एका खासगी शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. प्रमुख पाहुणे यायच्या आधी संस्थाचालक रामरावांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"मॅडम, शनीचं कडं कुठंय?"

"यंदा ते काठावरून दिसतंय, सर," विज्ञानाच्या शिक्षिका प्रियदर्शनी म्हणाल्या. "भाकरी डोळ्यासमोर आडवी धरली की रेघच दिसते, तसं. शनी कललेलाच फिरतो, म्हणून दर पंधराएक वर्षांनी असं होतं. पुढच्या वर्षी कडं पुन्हा उघडायला लागेल."

"मंग पाहुण्यांनी पुढच्या वर्षी यावं का? दुर्बीण डुप्लिकेट हाय म्हणतील."

आठवीतली अर्पिता कागद घेऊन शेजारीच उभी होती. सहावीपासून दर नोव्हेंबरला तिने याच दुर्बिणीतून शनी पाहून चित्र काढलं होतं. पहिल्यात कडं रुंद, दुसऱ्यात अरुंद. तिसरं आज काढायचं, आणि तिन्ही तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायची.

रामरावांचा पुतण्या कल्याण हसला. "काका, कडं हाय की आपल्याकडं. फाटकावर!"

फाटकावर फ्लेक्स होता. त्यावर हात जोडलेले पाहुणे, आणि त्यांच्या खांद्यामागे कड्यासकट शनी. कल्याणने दुर्बिणीची नळी खाली आणली आणि हॅलोजनच्या उजेडातल्या फ्लेक्सवर रोखली. या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं.

"सर, ही फसवणूक आहे."

"मॅडम, तुम्ही अजून कायम झाल्या न्हाईत," रामराव शांतपणे म्हणाले.

प्रियदर्शनी दोन पावलं मागे सरकल्या.

पाहुणे आले. तोंडातला गुटखा सांभाळत वाकले. "वा! कडं बराबर दिसून राह्यलंय. जरा उलटं हाय."

"आकाशात तसंच असतं, साहेब," कल्याण म्हणाला.

टाळ्या झाल्या. मग शिक्षक एकेक करून वाकले. प्रत्येकाला पाहुण्यांची उलटी मिशी दिसली, फ्लेक्सची दोरीही दिसली. प्रत्येकजण वा म्हणून बाजूला झाला.

शेवटी रामरावांनी अर्पिताला दुर्बिणीतून बघायला लावलं आणि तिच्यासमोर माइक धरला. "काय दिसलं, बेटा?"

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान खाली घातली.

"कडं दिसलं, सर."

तिला पाहुण्यांचा फोटो असलेलं पेन मिळालं.

गाड्या गेल्या. दुर्बिणीच्या पायाशी लाल पिचकारी ओली होती. प्रियदर्शनींनी नळी आकाशाकडे वळवली, शनी शोधला.

"आता बघ."

अर्पिताने बराच वेळ पाहिलं. "रेघ हाय, मॅडम. एकदम बारीक."

"काढ मग."

"पण मी माइकवर कडं दिसलं म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. रेघ काढली तर मी खोटी न्हाई का ठरणार?"

"जे दिसलं ते काढ," प्रियदर्शनी म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनाच पोकळ वाटला.

"तुम्हीबी तवा काही बोलल्या न्हाईत."

अर्पिताने पेन्सिल खिशात ठेवली. नव्या पेनाने गोल काढला, आणि त्याभोवती रुंद कडं.