साहेबांची तीन सेलची बॅटरी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. दुकानदार मला टॉर्च म्हणाला होता, पण घरातली माणसं बॅटरीच म्हणत आली. तीन सेलची, पत्र्याची, हाताला भक्कम. साहेब नवे फौजदार झाले तेव्हा त्यांच्या आईने मला आणलं. "आधी हिला सांभाळून दाखव, मग बायकोचं बघू," असं म्हणून तिने मला त्यांच्या हातात दिलं.

साहेबांनी मला खरंच सांभाळलं. शर्टाच्या टोकाने ते माझी काच पुसत. कोठडी तपासायची तर आधी माझा उजेड आत, मग साहेबांचा पाय. हवालदार हसायचे, "साहेब सासुरवाडीलाही पलंगाखाली बॅटरी मारून बघत असतील!" हसेनात का. गोदामात पोत्यांमागे अडकलेली हरवलेली चिमुरडी माझ्याच उजेडात सापडली. त्या दिवशी मी उगाच फुशारून गेले होते.

वर्षं गेली, खांद्यावरचे तारे वाढले. शेवटी साहेबांना सगळ्या तुरुंगांच्या तपासणीचं मोठं पद मिळालं. मला वाटलं, आता तर माझंच राज्य! तुरुंगाइतके अंधारे कोपरे आणखी कुठे असणार?

एका सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी एका कैद्याची बहीण उभी होती.

"साहेब, तीन आठवडे भावाला भेटू देत नाहीत. तळघरात कोंडलाय म्हणे. त्याला दमा आहे हो. एकदा बघा ना."

"ताई, मी स्वतः बघतो. इथेच थांबा."

तुरुंगाचा अधीक्षक म्हणजे साहेबांचा प्रशिक्षणापासूनचा दोस्त. "अरे, खाली मोडक्या खुर्च्या आहेत. कशाला कपडे मळवतोस? चहा निवतोय."

साहेब तरीही पायऱ्या उतरले. मला केवढा अभिमान वाटला! लोखंडी दाराखालच्या फटीत मला चार बोटं दिसली. नखं वाढलेली, मळाने काळी. उजेड पडताच ती हळूच पुढे सरकली. आतून धाप लागलेला आवाज आला, "कोण आहे? ताईने पाठवलंय का?"

साहेबांनी बोटं पाहिली. मग दोस्ताकडे पाहिलं.

"पुढच्या महिन्यात रिटायर होतोय रे मी," दोस्त हळूच म्हणाला.

साहेबांच्या अंगठ्याने माझं बटण मागे ओढलं.

माझे सेल अगदी नवे होते, मित्रांनो.

वर येऊन साहेबांनी अहवालात लिहिलं, 'तळघर: मोडकं सामान.' फाटकाशी बहिणीला म्हणाले, "खाली कुणी नाही, ताई. दुसरीकडे हलवलं असेल." मी त्यांच्या मुठीतच होते, अजून कोमट. तिने माझ्याकडे पाहिलं, हात जोडले. "तुम्ही स्वतः बघितलंत ना, मग झालं," म्हणाली आणि निघून गेली. पुढे त्या भावाचं काय झालं, ते माझ्यासमोर कुणी कधी बोललं नाही.

आता साहेब निवृत्त आहेत. मी काचेच्या कपाटात, पदकांच्या शेजारी आहे. सेल काढून टाकलेत. सूनबाई दर रविवारी मला पुसते. पाहुणे आले की साहेब माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "हिने मला कधी दगा दिला नाही." मी ऐकून घेते.

मित्रांनो, तुमच्या घरी अशी बॅटरी असेल तर तिला ओलीपासून जपा, सेल वेळच्या वेळी बदला. आणि तिच्या उजेडात कधी कुणाची बोटं दिसलीच, तर बटणाला हात लावू नका. आधी दार उघडा.