एक धाव निघेना

कळंबच्या मुलींचा बेसबॉलचा सामना असला की पाशामियाँ शिलाईचं दुकान बंद करून मैदान गाठायचे. त्यांची लेक फरहाना संघाची पिचर होती. तिचा चेंडू भल्याभल्यांना टोलवता येत नसे, पण हातात बॅट आली की तिच्याच संघातल्या पोरी गळून जायच्या. हा सलग तिसरा सामना होता आणि संघाची धाव एकही नव्हती. धाराशिवच्या मैदानावर समोरच्यांनी कशीबशी एक धाव काढली होती.

शेवटच्या डावात फरहाना तिसऱ्या बेसवर पोचली. बॅटिंगला आलेल्या अर्पितानं नीट एक टोला मारला असता तरी बरोबरी झाली असती. तिनं दोन चेंडू हुकवले तसा पाशामियाँचा तोल सुटला.

“बॅट काय शोभेला धरलीस व्हय गं? माझी पोर एकटीच राबतीया, आन् तुमाला एक धाव काढता येत न्हाय!”

अर्पिता बावरली. तिसरा चेंडूही समोरून गेला, तिनं बॅट हलवलीच नाही. तीन चेंडू हुकले म्हणून ती बाद झाली. सामना संपला.

फरहाना तडक बापाकडं आली.

“अब्बा, मागला सामना माझ्या चुकीनं गेला, तवा ही अर्पिताच माझी समजूत काढत बसली व्हती. पुढच्या बारीला तुमी येऊ नका.”

पाशामियाँ खालमानेनं संघाच्या जीपपाशी गेले. “चुकलं माझं, पोरी,” ते आत बसलेल्या अर्पिताला म्हणाले. तिनं डोळे पुसत मान हलवली. शेजारी बसलेली फरहाना मात्र बापाकडं बघायलाही तयार नव्हती.